अर्धं टेबल

वीज गेली आणि अंधारात कुठूनसा आलेला चेंडू सुलाफच्या कपाळावर आपटला.

"लागलं का?" एक घाबरलेला आवाज.

"चेंडू आहे, वीट नाही. पण नेम छान आहे तुमचा."

"उजेडात इतका छान नसतो..."

सीरियातल्या लताकिया शहरातल्या विद्यापीठाचा तो खेळांचा हॉल. समुद्रावरून आलेला पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता. रसायनशास्त्राची सुलाफ भिजू नये म्हणून आत शिरली होती, इतकंच. चेंडू मारणाऱ्या यामेनने मोबाइलचा दिवा लावून तिचं कपाळ पाहिलं — गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

पुढच्याच आठवड्यात ती टेबल टेनिसच्या मिश्र दुहेरीत त्याची जोडीदार झाली. खेळून दमले की दोघं एकाच पेल्यातला मत्तेच्या कडवट पानांचा गरम काढा एकाच नळीने ओढत. नळी तिच्याकडे येई तेव्हा टोक अजून कोमट असे...

"स्थापत्यच्या शेवटच्या वर्षात मुक्काम ठोकलायस का रे?" एकदा तिने चिडवलं. "एक काँक्रीटचा पेपर सुटत नाही तुला?"

यामेनने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "सुटतो. म्हणूनच कोरा देतो."

तिला कळलं. विद्यार्थी म्हणून नाव होतं तोवरच सैन्याचं बोलावणं टळत होतं. त्याचा थोरला भाऊ पहिल्या वर्गात पास होऊन सैन्यात गेला होता. घरात आता त्याचा फक्त फोटो होता.

"अगदी कोरा नको देऊस," ती म्हणाली. "संशय येईल. पहिले तीन प्रश्न लिही. मी गुण मोजलेत, नापासच होशील."

"तू मोजलेस म्हणजे..."

"म्हणजे बरोबरच."

त्याने ऐकलं.

निकालाच्या दिवशी त्यांचे प्रशिक्षक, खेळाडूंचे 'कॅप्टन' अदीब, बकलाव्याचं खोकं नाचवत आत आले. "इंजिनियरसाहेब, मबरूक! अभिनंदन! थोडक्यात अडकला होतास. शेवटचा विषय म्हणून ग्रेस देऊन सोडवलं बघ तुला!"

सुलाफच्या हातून बॅट निसटली. ग्रेसचे गुण. तेवढेच तिने धरले नव्हते.

कॅप्टननी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. खोक्याचं झाकण हळूच लावलं.

सैन्यात जायच्या आदल्या संध्याकाळी यामेन हॉलमध्ये आला. केस आधीच बारीक कापलेले.

"माझ्यामुळे —"

"गप. चौथा प्रश्नही लिहिला होता मी."

"का?"

"तुला वाटू नये म्हणून... की मला खरंच काही येत नाही."

हे खरं, की तिच्या मनावरचं ओझं उतरवायला रचलेलं? विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"आवडतेस तू मला, सुलाफ."

"आत्ता सांगतोयस? उजेडात?"

"म्हटलं ना, उजेडात नेम चुकतो माझा."

ती हसली, आणि हसता हसता तिला तोंड फिरवावं लागलं.

यामेनने टेबलाचा पलीकडचा अर्धा भाग उचलून भिंतीसारखा उभा केला. "आता एकटीला खेळता येईल. चेंडू परत येतो."

तो गेल्यावर तिने चेंडू मारला. परत आला. पुन्हा मारला. पुन्हा आला.

मग वीज गेली. समोरच्या फळीवर चेंडू आपटल्याचा आवाज झाला, आणि सुलाफ अंधारात तशीच, बॅट पुढे धरून, उभी राहिली.