खोट्या विटांच्या मागे

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण आमचा विल्फमामा थापा मारणारा माणूस नव्हता.

साल १९६८, मार्च महिना. केंटच्या किनाऱ्यावरचं हाईद. रात्र नव्हे, भरदुपारचे अडीच.

समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत अकरा घरांची जुनी ओळ आहे. बाहेरून पक्क्या लाल विटांची. खरं तर नुसता देखावा. लाकडी सांगाड्यावर विटेसारखी दिसणारी पातळ कौलं ठोकलेली. भिंतीची जाडी इनमीन वीतभर.

मामा गवंडी. ओळीतल्या पहिल्या घराची कौलं दुरुस्त करत होता. तो बाहेर परांचीवर, आणि धाकटा नेव्हिलमामा आत माळ्यावर. फटीतून उजेड दिसला की नेव्हिल आतून दोनदा ठोकायचा. मामा उलट एकदा ठोकून तिथे खडूची खूण करायचा.

टक टक...

मामानं ठोकलं. खूण केली.

टक टक... टक टक...

"घर आहे की चाळण? जरा दमानं घे!"

"कुणावर ओरडतोयस?"

आवाज खालून आला. नेव्हिल रस्त्यावर उभा होता. हातात तळलेल्या माशाचा पुडा.

मामाचा खडू हातातच राहिला.

टक टक...

"उंदीर असेल रे," नेव्हिल हसला. "केवढा घाम फुटलाय तुला! थांब, शेपटी धरून आणतो."

"नको जाऊस, नेव्हिल."

तो गेलाच.

जिन्यावर बूट वाजले. मग माळ्यावर. मग... काहीच नाही.

"नेव्हिल?"

टक टक... अगदी मामाच्या छातीसमोर.

"विल्फ, इथे अंधार आहे रे. मला काढ."

मामानं हातोडीनं कौलं फोडली, पट्ट्या उखडल्या. पलीकडे रिकामा माळा. त्यात ऊन पडलेलं.

आता हाक शेजारच्या घरातून आली. मामा धावला.

"अहो, भिंत कसली फोडताय माझी?" त्या घरची मिसेस पिल्चर खेकसली.

"माझा भाऊ आहे आत!"

तिनं कान लावला. चेहरा पांढराफटक पडला.

"फोडा," ती म्हणाली.

तिसरं घर. चौथं. प्रत्येक भिंतीत नेव्हिल असायचा, आणि फोडली की नसायचा. पोलीस आले, तेही नुसते बघत राहिले.

अकराव्या घराच्या शेवटच्या भिंतीत तो रडत होता. "दमलो रे, विल्फ. लवकर कर."

त्यापुढे घर नव्हतं. फक्त समुद्र.

मामानं हातोडी उचलली... आणि खाली ठेवली. ही फोडली, तर नेव्हिलला जायला पुढे भिंतच उरत नव्हती.

ते घर मामानं भाड्यानं घेतलं. एकवीस वर्षं तो त्या भिंतीशी बोलत राहिला. काढता येईना, सोडवेना.

मामा वारल्यापासून मी तिथे राहते. खाऱ्या वाऱ्यानं कौलं निखळत चालली आहेत. काय करावं, मला खरंच कळत नाही.

नेव्हिलमामा रोज विचारतो, विल्फ कुठे आहे?

मी त्याला अजून सांगितलेलं नाही.