नावाडी आणि नकाशा

बेकरीवाल्याचा डावा हात फिजिओथेरपीच्या टेबलावर पसरलेला होता आणि अंगठा भलतंच काहीतरी करत होता.

तिने त्याला अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावायला सांगितलं होतं... सावकाश, दुखेल तिथे थांबून. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. वरच्या फळीवरचे केकचे साचे काढताना हा गृहस्थ शिडीवरून पडला होता आणि आता त्याचं मनगट लाकडाच्या ओंडक्यासारखं ताठ झालं होतं. शेकायची पिशवी भरून ती वळली, तर महाशयांनी व्यायाम सोडून दिला होता. अंगठा टेबलावर सरकत होता. खाली, खाली, उजवीकडे, वर, पुन्हा उजवीकडे. जरा थांबला. मग परत तेच.

ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

"तिसरा भाग," ती म्हणाली. "पाण्याखालचा दरवाजा."

अंगठा जागच्या जागी थबकला. बेकरीवाल्याने मान वर केली. त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"शेवटचं 'डावीकडे' राहिलं तुमचं," ती म्हणाली आणि पिशवी त्याच्या मनगटावर ठेवली. "त्याशिवाय तो उघडत नाही."

लहानपणी टीव्हीवर खेळायच्या त्या व्हिडिओ गेमला परदेशी लिपीतलं काहीतरी नाव होतं. खोक्यावर छापलेलं ते नाव कुणालाच वाचता येत नसे, म्हणून ज्या त्या घरात त्याचं वेगळं बारसं झालेलं. तिच्या घरी तो 'बेटांचा गेम' होता, बेकरीवाल्याच्या घरी नुसता 'नावाडी'. लाल टोपीवाला एक नावाडी बेटामागून बेटं हिंडतो आणि विझलेली दीपगृहं पेटवतो, एवढीच गोष्ट. प्रत्येक बेटावर एक बंद दरवाजा असायचा आणि तो कसा उघडायचा हे तिथल्या भिंतीवरच्या चित्रांत दडलेलं असायचं. असे चार भाग निघाले. मग काढणारी कंपनी बुडाली म्हणे, आणि पाचवा काही आलाच नाही.

तिने हे चारही भाग पाहिले होते. खेळली मात्र एकही नव्हती. रिमोट दादाच्या हातात असायचा आणि ती जमिनीवर पालथी पडून कागदावर बेटाचा नकाशा काढायची. कुठे विहीर, कुठे पूल, कुठे तो मेला खेकडा येतो. दादा तिला नावाने हाक मारायचाच नाही. "नकाशा, आता कुठे?" असं विचारायचा, आणि ती पेन्सिल चावत "उजवीकडे" म्हणाली की डोळे झाकून उजवीकडे जायचा. चुकलं तर नावाडी समुद्रात पडे, पण दादा कधी तिच्यावर वैतागला नाही. चौथा भाग अर्धा झाला आणि त्याला जहाजावर नोकरी लागली. गेमचं यंत्र आईने आतेभावाला देऊन टाकलं. दादा पुढे परदेशातच राहिला, लग्न झालं, जुळी झाली. आता महिन्याकाठी फोन व्हायचा, पण तोही जेवलीस का, आईचे गुडघे कसे आहेत, एवढ्यावर आटपायचा.

यातलं काही तिने बेकरीवाल्याला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पण तो एक दिवसाआड यायचा, आणि मनगट वाकवून घेताना पेशंटला बोलतं ठेवावंच लागतं, नाहीतर तो दुखण्याकडेच लक्ष देतो. बोलता बोलता सगळं बाहेर आलं. त्याचंही आलं. तो एकुलता एक. आईवडील पहाटेपासून भट्टीपाशी, म्हणून गेमचं यंत्र मैद्याच्या कोठारात मांडून दिलेलं. मागची भिंत भट्टीची, त्यामुळे पाठ कायम उबदार, आणि शेजारी बसायला कुणी नाही. चौथ्या भागात धुक्याचं बेट येतं तिथे तो अडकला तो अडकलाच. सगळा पडदा पांढरा, नावाडी दिसतच नाही.

"तुम्ही शेजारी असता तर सुटलो असतो," तो एकदा म्हणाला.

"मूठ वळा," ती म्हणाली. "अजून. हं."

पण त्या दिवशी घरी जाताना ती हे वाक्य दोनदा आठवून हसली. एकदा तर भर रस्त्यात. समोरून येणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं.

त्यानंतरच्या खेपेला त्याने चहाचं विचारलं. म्हणजे आधी दार उघडून बाहेर गेला, मग परत आत आला, मग विचारलं.

"उपचार चालू असताना पेशंटबरोबर चहा नाही," तिने सांगितलं. "इथला नियम आहे."

"कुणी केलेला?"

"मोठ्या मॅडमनी. पण मलाही पटतो."

"म्हणजे... बरं व्हायला हवं."

"ते तसंही व्हायलाच हवं ना?"

जिना उतरताना तो शीळ घालत होता. ती खिडकीपाशी गेली खरी, पण पडद्याआडच उभी राहिली.

मधली एक खेप चुकवून चार दिवसांनी तो आला तेव्हा मनगट पावासारखं फुगलं होतं. तिने हात नुसता धरला आणि तिला सगळं कळलं. खोदून विचारल्यावर कबूल झाला. अंगठ्याला व्यायाम व्हावा म्हणून माळ्यावरून ते जुनं यंत्र काढलं, आणि लवकर बरं व्हावं म्हणून दिवसदिवस खेळत बसला. इतक्या आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. हाडाला घाई कळत नाही, एवढंच म्हणाली आणि मुकाट्याने बर्फ लावला. तो चुळबुळत बसला. बाजूच्या टेबलापाशी मोठ्या मॅडम एका आजोबांचा खांदा फिरवत होत्या. त्या तो गेल्यावर म्हणाल्या, उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग गुडघ्याला असतं, याचं मनगटाला दिसतंय.

ती हसली नाही. दुपारभर विचार करत राहिली. आपल्याला एवढा राग का आला? पेशंट तर रोजच सांगितलेलं ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात एकजण पट्टा बांधून फुटबॉल खेळून आला होता, त्याला तर तिने हसत हसत झापलं होतं. संध्याकाळी ती मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली आणि बेकरीवाल्याची केस तुम्ही घ्या, म्हणाली. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच.

पुढच्या खेपेला मॅडमना समोर पाहून बेकरीवाल्याचं तोंड उतरलं. त्याने बिचाऱ्याने सांगितलेलं सगळं निमूटपणे केलं. पलीकडच्या टेबलावर ती एका शिंप्याची मान सैल करत होती, तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. निघताना पाठमोराच "येतो" म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

ती शिंप्याची मान मॅडमवर सोपवून जिन्याकडे धावली. तो खालच्या वळणावर होता.

"अहो, थांबा ना!"

तो थांबला, पण वर आला नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमची मेहनत होती ती. रागावणं बरोबरच आहे. पण दुसऱ्याकडे ढकलाल असं नव्हतं वाटलं मला."

"ढकललं नाही." तिला धाप लागली होती, आणि जिना तर जेमतेम अर्धाच उतरली होती. "तुम्ही आता... माझे पेशंट नाही. मॅडमचे आहात."

"तेच तर म्हणतोय मी."

"नीट ऐका ना. माझे पेशंट नाही आहात."

तो तिच्याकडे पाहत राहिला. डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळच लागला. मग त्याने चांगल्या हाताने कठडा धरला.

"चहा?" त्याने विचारलं.

"रविवारी. आणि ते यंत्र माळ्यावर परत टाकू नका."

रविवारी दुपारी बेकरी बंद होती, तरी जिन्यात ताज्या पावाचा वास कोंडून राहिला होता. दार त्याच्या आईने उघडलं. तिने पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि, "म्हणजे हात दाबणारी ती तूच होय!" म्हणून चहा टाकायला गेली. तो मान खाली घालून वायरी जोडत बसला.

त्याच्या मनगटाला पट्टा होता, तेव्हा रिमोट तिनेच घ्यायचा हे ओघानेच आलं. तिला तो धरताच येईना. त्याने तिचा अंगठा उचलून योग्य बटणावर ठेवला आणि आपला हात काढून घ्यायला विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही. मग नावाडी चालू लागला आणि पहिल्याच पुलावरून समुद्रात कोसळला. पुन्हा कोसळला. आई चहा घेऊन आली तेव्हा दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

धुक्याचं बेट लागलं आणि तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"काय झालं?"

"इथवर आम्ही दोघं आलो होतो." तिला पुढे नीट सांगता येईना. "दादाशिवाय पुढे जायचं म्हणजे... त्याला मागे टाकून गेल्यासारखं वाटतं."

"मग टाकू नका," तो साधेपणाने म्हणाला. "फोन लावा त्याला."

दादाने फोन घेतला तोच घाबरून. आई बरी आहे ना, हा पहिला प्रश्न. तिने फोनचा कॅमेरा टीव्हीकडे वळवला. पलीकडे पोरांचा दंगा चालला होता. दादाने त्यांना गप्प केलं. मग तो फोनवर वाकून टीव्हीचा पडदा निरखू लागला.

"आता कुठे?" या वेळी तिने विचारलं.

"बघू नकोस, ऐक," दादा म्हणाला. "घंटा वाजते बघ धुक्यात. तिच्या रोखाने चाल. मी जहाजावर एका मित्राच्या यंत्रावर पुरा केला होता तो भाग. तुला सांगायचं राहूनच गेलं गं... तुझ्याविना खेळलो, म्हणून सांगवलं नाही."

तिने कान दिला. इतकी वर्षं बेकरीवाला पडद्याकडे डोळे ताणून बसला होता आणि घंटा तिथेच वाजत होती. भट्टीच्या घरघरीत त्याला ती कधी ऐकूच आली नसावी. नावाडी सावकाश पुढे निघाला, तसं बेकरीवाल्याला हसू फुटलं.

"तुझ्या बाजूला कोण हसलं?" दादाने विचारलं.

तिने शेजारी पाहिलं. बेकरीवाला हसायचा थांबला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला.

"माझं ज्याच्यावर प्रेम बसलंय, तो," ती म्हणाली. "त्याला अजून सांगितलेलं नाही. आत्ता ऐकलं त्याने."

पलीकडे दादाला खोकल्याची उबळ आली. संध्याकाळी निवांत फोन करतो, असं म्हणून त्याने शहाण्यासारखा फोन ठेवला. टीव्हीवर नावाडी एकटाच उभा होता.

"आठवडाभर घोकत होतो मी," बेकरीवाला अखेर म्हणाला. "चहा झाला की सांगायचं, असं ठरवलं होतं. तू आधीच..." तो थांबला. "चाललं ना, तुला 'तू' म्हटलेलं?"

"चाललं. आता सांग."

"आता काय राहिलं सांगायला?"

"तरी सांग."

त्याने सांगितलं. हळू आवाजात, अडखळत, मधेच एक शब्द चुकून. स्वयंपाकघरातून आईला नीट ऐकू आलं नाही, म्हणून ती दारापर्यंत आली.