चौकीचा उतार

फेकाफेकी वाटत असेल तर वाचू नका. माझ्या सख्ख्या बहिणीवर बेतलेलं आहे. मला तुमचे लाइक्स नकोत.

गेल्या श्रावणातली भरदुपार. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पुढं आमची वाडी. बाळंतपणाला माहेरी आलेल्या तेजश्रीला कळा सुरू झाल्या आणि नेमका नदीवरचा साकव वाहून गेलेला.

दवाखान्यात न्यायला उरला नदीतला जुना उतार.

त्याला चौकीचा उतार म्हणतात. इथून नदी ओलांडली की थेट घाटाची वाट, म्हणून पूर्वी रात्रंदिवस पहारा असायचा. एकदा झाकलेल्या डोलीतून दुश्मन आला आणि सगळे पहारेकरी कापले गेले, असं म्हातारे सांगतात. तेव्हापासून इथून झाकलेलं काही नेत नाहीत. नवरीसुद्धा तोंड उघडं ठेवून जाते.

पण पाऊस कोसळत होता. मी आणि तिचा नवरा दीपेश, आम्ही तिला डोलीत घातलं आणि वर ताडपत्री बांधली.

"सोडा रे ती!" पुढं चालणारे मुरारीकाका ओरडले.

"काका, भिजेल ना ती! आता कसला पहारा नि कसलं काय!" दीपेश मुंबईचा.

नदीच्या मधोमध पोचलो आणि पाय थांबले.

म्हणजे उचलेनातच. पाणी गुडघ्याएवढं... तरी.

पलीकडच्या धुक्यातून आवाज आला...

"उघड."

माणूस दिसेना. मी दातांनी दोरी सोडली. तेजश्रीच्या तोंडावर पाऊस मारायला लागला.

"आपल्या गावची लेक हाय. जाऊ दे," पलीकडून तोच आवाज.

एक पाऊल पडलं...

"थांब. अजून एक झाकलेला हाय."

दीपेश रडायलाच लागला. "अहो, पोटातलं मूल आहे! कसं दाखवू?"

पाय तसेच रुतलेले.

खांद्यावर डोली, खाली पाणी. ना पुढं, ना मागं. तिथंच तेजश्री बाळंत झाली. काकांनी बाळ हातात घेतलं. मुलगा. खणखणीत रडला, देवाशप्पथ.

काकांनी त्याचं तोंड पलीकडं धरलं. "ह्यो बघा... आमचाच हाय."

"ह्याला वळखतं कोन?"

"मी! बाप आहे मी त्याचा!" दीपेश ओरडला.

"तू तरी आत्ताच पायलास ना..."

आणि रडणं थांबलं.

आमचे पाय सुटले. धावलो, पण बाळ गेलं होतं.

तेजश्री वाचली. तिला तो आवाज ऐकूच आला नव्हता, फक्त बाळाचं रडणं आलं होतं. परवा म्हणाली, "दादा, चांगला रडत होता ना रे? मग काय झालं?"

"थंडी लागली गो," मी म्हणालो.

"मग माज्या कुशीत का नाय दिलात?"