ड्रममधली लाल भुकटी

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर नाव तयार होती, नावाडीही तयार होता, पण अनीसचा पत्ता नव्हता. दिवाळीच्या सुट्टीतली ही सफर तिघांनी मिळून ठरवलेली. ममता वाट पाहून कंटाळली आणि शेवटी तिचा धाकटा भाऊ नवनीत अनीसला ओढतच घेऊन आला. खोदून खोदून विचारल्यावर अनीस बोलला. ममताच्या वडिलांनी, हेमकांतरावांनी, सकाळी दुकानात येऊन त्याच्या अब्बूंना चारचौघांत लबाड म्हटलं होतं.

अनीसचे अब्बू फुरकानभाई शेतीची औषधं विकत. हेमकांतरावांच्या पपईला बुडकूज लागली, म्हणून त्यांनी तिथून बुरशीवरचं निळं मोरचूद नेलं आणि ड्रमात भिजत घातलं. निळं पाणी रात्रीतून हिरवट झालं, तळाशी लाल गाळ बसला. विटांची भुकटी मिसळलीय, असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला. संध्याकाळी तो ड्रम दुकानापुढे उतरवून ते गावाला दाखवणार होते. मग दुकानाची पायरी कोण चढलं असतं? ममताला वडिलांचा राग आला आणि अनीससमोर उभं राहायची लाजही वाटली.

सफर सोडून तो ड्रम पाहायला तिघं हेमकांतरावांच्या शेतात पोचली तेव्हा सालदार सुपडू ड्रमाची राखण करत बसला होता. केळीत डुकरं शिरल्याची थाप नवनीतने मारली आणि सुपडू काठी घेऊन पळाला.

ममताने ड्रमात डोकावलं. नेहमीचे प्लास्टिकचे ड्रम दर कार्तिकासारखे मंदिराच्या भंडाऱ्याला पाण्यासाठी गेले होते. पप्पांनी डिझेलचा जुना लोखंडी ड्रम धुऊन वापरला होता. लाल थर तळाशी होताच, पण पाणी होतं तिथवर आतल्या बाजूलाही चिकटला होता.

"भुकटी अशी भितवर चढस का?" अनीसने विचारलं.

ममताने काडीने थोडा थर खरवडून दगडावर घासला. चिंचेने घासलेल्या घागरीसारखा तो चमकला. तांबं! विज्ञानाच्या तासाला शिकलेली विस्थापन अभिक्रिया तिला आठवली. लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार; त्याच्या पाण्यात लोखंड तांब्याला हुसकावून त्याची जागा घेतं. तांबं बाहेर पडतं आणि निळं पाणी हिरवट होतं. पण पप्पा पुस्तकातलं ऐकणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्यांना त्यांच्याच हातांनी दाखवायला हवं होतं.

संध्याकाळी दुकानापुढे ड्रम उतरला, माणसं जमली. हेमकांतरावांनी शहाद्याहून नवं मोरचूद आणलं होतं. ममताने त्यातलं चिमूटभर मागून एका बरणीत विरघळवलं, फुरकानभाईंचं दुसरीत. दोन्हीकडे सारखंच निळं पाणी, तळाशी कणभरही गाळ नाही. मग तिने वडिलांच्या हाती विळा दिला.

"पप्पा, शहादानी बरणीमा बुडाडा. इळा लाल हुई, मी पहिलेच सांगस."

हेमकांतराव हसले. "हाई तू माले शिकाडस? फवारानं मिश्रण करताना मोरचूदमा चुना कमी पडना की इळा लाल व्हसच. मी दरसाल पाहस."

त्यांनी विळा बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढला, तर पातं लालसर झालेलं.

"मंग ड्रम कसाना शे, पप्पा?"

हेमकांतरावांनी हातातल्या विळ्याकडे पाहिलं, मग ड्रमाकडे. दरसाल विळा बुडवणाऱ्या माणसाला एवढा मोठा लोखंडी ड्रम दिसला नव्हता. गर्दीत कोणी हसलं नाही, पण ते कानापर्यंत लाल झाले. मग सावकाश पायरी चढून दुकानात गेले.

"फुरकानभाई, तुम्हनं मोरचूद खरं शे. चूक मन्ही शे," ते म्हणाले. "सकाये जितला मोठ्या आवाजमा बोलनू, तितलाच मोठ्या आवाजमा सांगस."

आणि त्यांनी रस्त्याकडे तोंड करून ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

फुरकानभाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "बापना समोर खरं बोलाले छाती लागस," ते ममताकडे पाहून म्हणाले. सकाळपासून मान खाली घातलेला अनीस गल्ल्यामागून बाहेर आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.