अकरा दिवसांचा ग्रह

ग्रह नाहीसा झाल्याचं कळलं, तेव्हा लेस्टर ड्रूइट वेधशाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजत होता. सकाळचे नऊ वाजले होते. बाहेर पाण्याच्या टाकीवर गुलाबी पोपटांचा कलकलाट चालला होता. यंत्रं सांभाळणारी ट्रुडी बॅनन आत आली आणि हातातला कागद तिने लोण्याच्या डब्यावर ठेवला.

"सरळ रेघ आहे, लेस. गेल्या चाळीस रात्रींची मोजणी. तारा जागचा हलत नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"माझ्या यंत्राला नावं ठेवू नकोस. शेजारचे सगळे तारे बरोबर येतायत."

पाव जळला. लेस्टरने तो तसाच खाल्ला.

तारा म्हातारा होता, फुगून लाल झालेला. त्याच्या अगदी अंगाशी एक अवाढव्य ग्रह अकरा दिवसांत एक फेरी मारायचा. ग्रह कधीच दिसला नव्हता. त्याच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे झुलायचा, तेवढंच काय ते मोजता यायचं. हे झुलणं ओळखलं लेस्टरच्या बायकोने, नोरीनने. सहा वर्षं दोघांनी मिळून वेध घेतले होते. नोरीन जाऊन आता सात महिने झाले होते. ग्रहांच्या जागतिक यादीत या ग्रहापुढे शोधक म्हणून तिचं नाव होतं. तिचं नाव छापलेलं असं दुसरं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात यादी ठेवणाऱ्या समितीचं पत्र आलं. असे म्हातारे तारे आपोआपही धपापतात, तेव्हा ग्रह मुळात नव्हताच असं धरून नोंद काढून टाकत आहोत. हरकत असल्यास जुन्या सर्व रात्रींची मोजणी नव्या पद्धतीने करून महिनाअखेर पाठवावी.

"नव्हताच म्हणे!" लेस्टरने पत्र टेबलावर आपटलं. "ताऱ्याने गिळला म्हणा, मी ऐकून घेईन. नव्हता कसा?"

"मग दाखव ना त्या शहाण्यांना," ट्रुडी म्हणाली. "जुन्या रात्री आहेत की कपाटात. घुमट अडकला होता ती रात्र आठवते? तू न् मी हाताने घुमट फिरवतोय, बोटं गारठलेली, आणि ही बया नोरीन बिस्किटांचा डबा घेऊन शिडीवर. वरून ओरडतेय, 'ढकला रे, ग्रह काय तुमच्यासाठी थांबणारे?'"

लेस्टर हसला. मग उठून त्याने कपाट उघडलं. खिडकीबाहेर वणव्यात काळे झालेले निलगिरीचे बुंधे खालपर्यंत उभे होते.

सहा वर्षांतल्या जुन्या रात्री एकवीस होत्या. त्याने शेवटच्या रात्रीपासून उलट सुरुवात केली. संगणकावर फाईल उघडायची, मोजणी लावायची, तारा किती झुलला तो आकडा बघायचा. पहिला आकडा शून्याजवळ आला. दुसराही. पद्धत चुकली म्हणून त्याने ती पुन्हा लावली, समितीला शिव्या घातल्या, कॉफी थंड होऊ दिली. दहा दिवस हेच चाललं. एकोणीस रात्री झाल्या आणि एकोणीसही सपाट. ज्या झुलण्यावर त्याने आणि नोरीनने सहा वर्षं घातली होती, ते कुठेच नव्हतं.

शेवटी त्याने जुन्या वह्या काढल्या. या डोंगरावर रात्रीची नोंद पेन्सिलनेच करायची पद्धत होती, कारण हिवाळ्यात शाई उमटत नाही. हवा कशी, आकडा किती, कोण बसलं होतं, सगळं लिहायचं. नोरीनचं अक्षर गोल होतं.

त्या एकोणीस पानांवर गोल अक्षर नव्हतं. सगळीकडे त्याचंच तिरकं अक्षर होतं. आकडा शून्य. आणि खाली, 'एकटाच.'

त्याने पान उजेडात तिरकं धरलं. खोडल्याची खूण नव्हती. मागच्या पानावर दाबही उमटला नव्हता.

लेस्टर आयुष्यभर मोजमाप करत आलेला माणूस होता. म्हणून त्याने तपासून पाहिलं. विसाव्या रात्रीचं पान आधी काढलं. गोल अक्षर होतं. 'हवा स्वच्छ. तारा ठरल्याप्रमाणे पुढे सरकला. मी आणि लेस.' त्याने पानाची झेरॉक्स काढली, घडी घालून खिशात ठेवली. मग फाईल उघडली.

शून्य.

पान पाहिलं. तिरकं अक्षर.

खिशातली झेरॉक्स उलगडली.

'एकटाच.'

दुपारी ट्रुडी आवारात गाडीचं चाक बदलत होती. लेस्टर तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"ट्रुड, घुमट अडकला होता त्या रात्री कोण कोण होतं?"

"आज काय परीक्षा घेतोयस?" तिने नट आवळला. "तू न् मी. आणखी कोण असणार?"

"आणि बिस्किटं?"

"तूच आणली होतीस ना मोठा डबा भरून. एकट्या माणसाला इतकी कशाला लागतात म्हणून मी चिडवलं होतं तुला. विसरलास?"

तिने फडक्याला हात पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. "ऊन लागलंय का रे तुला? बस सावलीत."

तो घरी गेला. दाराशी नोरीनचे बूट असायचे. ते आहेत ना, हे त्याने हात लावून पाहिलं. डावा होता. उजवा सापडला नाही.

आज महिनाअखेर. समितीने दोनदा आठवण केली आहे; मोजणी अपुरी असेल तर संध्याकाळी नाव यादीतून जाईल. वीस रात्री झाल्या. उरलेली रात्र १४ मार्च १९९८ ची आहे. त्या दिवशी नोरीन पहिल्यांदा या डोंगरावर आली होती.

ती फाईल लेस्टरने अजून उघडलेली नाही.