जखमेची कड

खरं की खोटं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मध्ये बोलू नका. ही गोष्ट आमच्या दादाची. दादा म्हणजे नाटकवाल्यांचा मेकअपमन, माझा जुना दोस्त. जखमा करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गालावर मेण दाबायचं, त्याच्या कडा बोटाने घासून कातडीत मिसळून टाकायच्या, मग मध्ये चीर पाडून आत जांभळा रंग, वर लाल. ओली दिसायला ग्लिसरीनचा थेंब. एकदा एक नट तसाच चहा प्यायला बाहेर गेला, तर चहावाला त्याला दवाखान्यातच न्यायला निघाला!

मग दादाची मुलगी गेली. ठमू. कॉलेजातून स्कूटरवर येत होती, ट्रकने उडवलं. दवाखान्यात ओळख पटवायला चादर उचलली आणि हा... जन्मभर जखमा रंगवलेला माणूस, तोंड फिरवून उभा राहिला. वहिनीने पाहिलं. एकटीने. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. प्रयोग संपवून दादा घरी निघाला, अर्ध्या वाटेत आठवलं, रंगांची पेटी थिएटरातच राहिली. सकाळी लवकर दुसऱ्या गावी प्रयोग. परतला तेव्हा साडेअकरा वाजले होते. रखवालदाराने मागचं दार उघडून दिलं.

मेकअपच्या खोलीत आरशासमोर एक मुलगी बसली होती. मान खाली, केस पुढे आलेले. गालावर जखम.

दादाला वाटलं, गर्दीच्या प्रवेशातली कुणीतरी पोर असेल. "अगं, अजून इथेच? आणि हे कुणी करून दिलं तुला?"

"काढून द्या ना. निघतच नाहीये."

"लावून घ्यायची हौस, काढायचा कंटाळा," म्हणत दादाने कापसाच्या बोळ्यावर तेल घेतलं. मेणाची कड एकदा सापडली की सगळं अलगद सुटून येतं. त्याने बोट फिरवलं.

कड सापडेना.

पुन्हा फिरवलं. कानापासून हनुवटीपर्यंत... सावकाश.

कड नव्हतीच.

मान आपोआप वळली. दाराकडे.

"बाबा..."

"आता तरी बघा की माझ्याकडे."

...

दादाने बघितलं.

डोळे भरून बघितलं. मग तोच बोळा घेऊन पुसायला लागला. हळू. तापात तिचं कपाळ पुसायचा, तसं.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"चुकलो गं बाळा. तेव्हा नाही बघवलं मला."

तिने गाल त्याच्या तळहातावर टेकवला. पुसता पुसता जखम फिकी झाली... मिटली... आणि खाली तिचा गाल. जसाच्या तसा.

"झोप आलीय, बाबा. घरी जाऊ?"

"जा."

खुर्ची रिकामी झाली.

रात्रभर त्या खुर्चीसमोर बसून दादा पहाटे घरी पोचला. वहिनी दारातच उभी. त्याने तोंड उघडायच्या आत तिने त्याचा हात धरला. कितीतरी दिवसांनी. ओढतच त्याला ठमूच्या खोलीत नेलं.

ठमूच्या उशीवर तेलाचा डाग होता.

ओला.

एका गालाएवढा.