शिवेवरची विहीर

"चारही कच्चे कागद नीट जोडलेस ना?" ढब्बूने विचारलं.

"जोडले रे! पण विहीर कुठंच नाही!" नकटीने जोडांवरून बोट फिरवलं.

ताईचा विद्यापीठातला नकाशाचा गट म्हणजे चार डोकी, चार तोंडं! बंद गिरणीच्या आवाराचे त्यांनी चार तुकडे पाडले आणि ज्याने-त्याने आपापला कागद उरकला. सुट्टीत नकटी आणि तिचा मावसभाऊ ढब्बू त्यांच्या मोजफितीचं टोक धरून हिंडत. कालच गवतात ढब्बूचा पाय कुजक्या फळ्यांवर पडला होता. फटीतून टाकलेला खडा किती वेळाने वाजला होता!

दोघं धावतच आवारात गेली. गट झाडाखाली पसरला होता. "नकाशात विहीर कुठाय?" नकटीने विचारलं.

"ती विहीर ह्याच्या कागदात येते," ताई चष्मेवाल्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"छट्! शिवेवर आहे ती. मला वाटलं, तू घेतलीस," चष्मेवाला म्हणाला.

"मग आता दाखवा ना!"

"नकाशा ठेकेदाराकडे गेलासुद्धा. नाक खुपसू नकोस, नकटे!" ताई खेकसली.

"तिला आहे कुठं नाक!" ढब्बू पुटपुटला.

तेवढ्यात रोलर धडधडला. वर ठेकेदाराचा रोलर चालवणारे नकटीचे बाबा! नकाशात मोकळी जमीन होती, म्हणून ते सरळ त्या गवताकडे निघाले होते.

"बाबा, थांबा!" दोघांनी हात हलवले. त्या आवाजात ऐकू कसलं येणार? बाबांनी हसून उलट हात हलवला.

आता काय? नकटी गर्रकन वळली.

"ताई, तुमचे सर आलेत! विहिरीपाशी उभे आहेत! सगळ्यांचे गुण कापणार म्हणतात!"

चौघं ताडकन उठली आणि फीत घेऊन विहिरीकडे धूम पळाली, थेट रोलरच्या पुढ्यात! बाबांनी करकचून ब्रेक दाबला.

"मरायचंय का रे?"

नकटीने नुसतं बोट दाखवलं. बाबांनी उतरून पहार मारली. फळी मोडली, पहार हातातून निसटली. मग, बऱ्याच वेळाने, डुबुक!

रोलरचं चाक तिथून दोन हातांवर होतं.

खरेखुरे सर दुपारी आले. "शिवेवरचं दोघांचंही असतं," एवढंच ते गटाला म्हणाले. मग नकटीकडे वळले. "खोटं बोललीस पोरी, पण ह्या नकाशापेक्षा तूच खरी!"

"वाघीण आहे माझी!" बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ताई मान वर करेना.